जुन्या वाड्यातल्या नक्षीच्या टाइल्स : न फोडता काढायच्या आणि खारापासून वाचवायच्या

गेल्या पावसाळ्यानंतर तीन वेगवेगळ्या माणसांनी मला जवळपास एकच फोटो पाठवला. आमच्या सोलापुरातल्या पेठेतल्या पडत्या वाड्यातून हौसेनं आणलेली टाइल, कुणाची मोराची, कुणाची गुलाबाची. आणली तेव्हा आरशासारखी होती. आता कडेनं पांढरी लव आलेली आणि वरची झिलई कांद्याच्या सालीसारखी सुटलेली. तिघांनीही काढताना भरपूर काळजी घेतली होती, एकही टाइल फोडली नव्हती. नुकसान झालं ते घरी आणल्यावर, कपाटात, टाइलच्या मातीत मुरलेल्या खारानं, म्हणजे क्षारानं.

दुसऱ्या बाजूला साठातल्या चाळीस टाइल्स भिंतीवरच फोडून 'चुना फार घट्ट होता हो' म्हणणारेही भेटतात. बहुतेक वेळा चुना घट्ट नसतो, टप्प्यांची उलटापालट झालेली असते. म्हणून इथं फक्त क्रम आणि त्यातल्या चुका लिहितोय. देवघर, सोप्याची भिंत, ओट्याची दर्शनी बाजू, तुळशीवृंदावन इथल्या चिनी मातीच्या नक्षीदार टाइल्स डोळ्यांपुढे ठेवून.

एक गोष्ट आधीच सांगतो. वाडा पडणार नसेल तर टाइल्स तिथंच राहू द्या. फोटो काढा, चहा घ्या, परत या.

## टप्पा १ : हातोडीआधी कागद

वाडा पडणार हे कळलं की पहिला फोन गवंड्याला जातो. तो मालकाला जायला हवा. किल्ली ज्याच्याकडे तो मालक असं धरू नका. एका वाड्याचे वारस एक इथं, एक पुण्यात, एक हैदराबादला असे पांगलेले असतात. इथले काका 'न्या की, त्यात काय' म्हणाले म्हणून मी एकदा देवघराच्या बावीस टाइल्स आणल्या. महिन्याभरानं पुतण्याचा फोन आला, "आजीच्या देवघराच्या टाइल्स तुम्ही कशा नेल्या?" बरोबरच होतं त्याचं. बावीसच्या बावीस परत नेऊन दिल्या, मिस्त्रीची मजुरी माझ्या खिशातून.

साध्या कागदावर पाच गोष्टी पुरतात : कोणता वाडा, कोणती भिंत, किती टाइल्स, किती रुपये (फुकट असतील तर तसंच लिहा), तारीख. खाली सगळ्या वारसांच्या सह्या. बाहेरगावच्यांचा व्हॉट्सअ‍ॅपवरचा होकार छापून कागदाला जोडा.

पाडकामाचा ठेका आधीच दिला असेल तर ठेकेदारालाही विचारा. सागवान, तुळया, दारं, कडीकोयंडे आणि पडेल तो माल ठेकेदाराचा, अशी बोली बऱ्याचदा असते. मालकानं दिलेली टाइल अशा वेळी ठेकेदाराच्या हक्काची निघते.

इशारा : इमारत वारसा यादीत असेल, किंवा देऊळ, मठ, दर्गा असेल, तर हात लावू नका. दुसरं, १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षं जुनी वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही आणि अशा वस्तूंच्या खरेदी-विक्रीचा धंदा करायला परवाना लागतो. अमेरिकेतल्या भावाच्या बॅगेत 'दोन-चार' टाकण्याआधी हे लक्षात असू द्या.

## टप्पा २ : हातात आहे ती वस्तू कोणती

आपल्याकडे 'डिझाइनची फरशी' या एका शब्दात दोन निराळ्या जाती मोडतात आणि दोघींची निगा उलट आहे.

जमिनीवरची मंद रंगाची, बोटभर जाड, साधारण आठ इंची फरशी बहुतेक वेळा सिमेंटची असते. तिला भट्टी लागलेली नसते. कड पाहिली तर वर काही मिलिमीटर रंगाचा थर आणि खाली करडं सिमेंट दिसतं. पाण्याचा थेंब टाकला की काळसर डाग पडून आत जिरतो. पुढे सांगितलेलं भिजवणं तिच्यासाठी नाही.

भिंतीवरची चिनी टाइल साधारण ६ इंच चौरस (१५.२ सेंमी), काठाची पट्टी ६ बाय ३ किंवा त्याहून अरुंद, आणि जाडी एक सेंटीमीटरच्या आसपास. पुढे काचेसारखी झिलई, मागे पांढरट किंवा पिवळसर कोरडी माती. झिलईवर थेंब मोत्यासारखा बसतो, पाठीवर टाकला तर लगेच शोषला जातो. हा शोषून घेण्याचा गुणच तिचा शत्रू, त्याबद्दल सातव्या टप्प्यात.

एखादी सुटी टाइल सापडली तर आधी पाठ वाचा. इंग्लंडचे मिंटन हॉलिन्स, मॉ आणि कंपनी, बेल्जियमच्या हेमिक्सेमचे, जपानच्या आवाजी बेटावरचे दांतो असे कारखाने पाठीवर नाव किंवा खूण उठवत. इंग्लिश टाइलवर 'आरडी' आणि पुढे आकडा असेल तर तो नक्षीच्या नोंदणीचा. ही मोजणी १८८४ साली १ पासून सुरू झाली आणि १९०० च्या सुमारास साडेतीन लाखांच्या पुढे गेली. हा आकडा नक्षी नोंदवल्याचं साल सांगतो. टाइल त्यानंतर वीस वर्षांनीही बनलेली असू शकते. देशाचं नाव ठसठशीत छापलेलं असेल तर टाइल साधारण १८९१ नंतरची धरा, कारण त्या सुमारास अमेरिकेनं आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं आणि कारखान्यांनी तीच सवय सगळीकडे ठेवली.

लक्ष्मी, सरस्वती, कृष्ण दिसले की लोक बेधडक 'देशी' म्हणतात. अशा कितीतरी टाइल्स जपानमध्ये खास हिंदुस्थानच्या बाजारासाठी बनत होत्या. पाठीवर 'मेड इन जपान' दिसलं म्हणून नकली समजून परत देऊ नका.

नकली ओळखायला दहापट भिंग घ्या. नक्षीत छपाईचे बारीक ठिपके दिसले तर ती बहुधा आजकालची. उठावाच्या जुन्या टाइलमध्ये रंग खळग्यात जाडसर साचून गडद झालेला दिसतो आणि उंचवट्यावर फिका, ही गंमत छपाईत येत नाही. पाठ घासून सपाट केलेली असेल तर विकणाऱ्याला कारण विचारा. झिलईवरच्या केसासारख्या तड्यांवर मात्र विसंबू नका, ते मुद्दामही पाडता येतात.

## टप्पा ३ : भिंतीचा नकाशा

हा टप्पा सगळे गाळतात, कारण यात काही 'काढल्यासारखं' वाटत नाही. नंतर घरी चौरंगावर चाळीस टाइल्स पसरून बसतात आणि वेलीचा देठ कुठल्या पानाला जोडायचा ते कळत नाही.

१. भिंत ओल्या फडक्यानं हलकी पुसा. सगळी नक्षी दिसली पाहिजे.

२. समोरून, सरळ, पूर्ण भिंतीचा एक फोटो. मग डावीकडून उजवीकडे तुकड्यातुकड्यानं. एका फोटोत मोजायची टेप धरलेली असू द्या.

३. चौकटीच्या वहीत भिंत काढा. आडव्या ओळींना क, ख, ग. उभ्या रांगांना १, २, ३. फुटक्या आणि गायब टाइल्सनाही नंबर द्या, नाहीतर पुढची सगळी मोजणी सरकते.

४. प्रत्येक टाइलवर कागदी चिकटपट्टीचा तुकडा, त्यावर नंबर आणि वरची बाजू दाखवणारा बाण. चिकटपट्टी आधी एका कोपऱ्यात दहा मिनिटं लावून काढून पाहा. सोनेरी रेघ किंवा झिलईवरून रंगवलेली नक्षी असेल तर ती पट्टीबरोबर निघून येते. तिथं पट्टी नको, नंबर शेजारच्या गिलाव्यावर खडूनं.

५. नंबर दिसतील असा पूर्ण भिंतीचा पुन्हा फोटो.

बाण विसरू नका. कमळाची चौकोनी टाइल चारही बाजूंनी सारखीच दिसते आणि रंगाचा ओघळ एकाच बाजूला असतो. उलटी लावली की सगळं पॅनेल तिरळं वाटतं आणि का ते कळत नाही.

तपासा : वहीतली एकूण संख्या, फोटोतली संख्या आणि कागदावर सह्या घेतलेली संख्या, तिन्ही जुळतात का?

## टप्पा ४ : बैठक कशाची आहे

टाइलच्या मागे काय आहे त्यावर पुढची पद्धत ठरते. एक फुटकी टाइल निवडा, तिच्या फटीतून स्क्रू-ड्रायव्हरचं टोक आत घाला.

मऊ, मातकट भुगा आला तर पांढरीच्या (जुन्या गावठाणातल्या पांढरट) मातीची बैठक. माळवदाच्या (मातीच्या सपाट छताच्या) घरांत ही बऱ्याचदा भेटते. टाइल्स सहज निघतात, पण या मातीत खार ठासून भरलेला असतो. पांढरा किंवा गुलाबीसर, नखानं खरवडला जाणारा भुगा म्हणजे चुना, गुलाबी असेल तर सुरखी (विटांचा चुरा) घातलेला. हा सगळ्यांत चांगला. टोक घसरलं, करडा रंग दिसला आणि आवाज खणखणीत आला तर सिमेंट. टाइल मुळातली असली तरी मधल्या काळात कुणीतरी सिमेंटनं पुन्हा बसवलेली असते.

मग रुपयाचं नाणं घ्या आणि प्रत्येक टाइलवर हलकं टकटक करा. 'टण' आवाज म्हणजे मागे पकड आहे, 'बद' म्हणजे पोकळ. वहीत 'ब' लिहा. पोकळ टाइल सहज निघेल असं वाटतं, पण हादऱ्यानं पहिली तीच खाली पडते. तिला काढेपर्यंत दोन आडव्या पट्ट्या मारून शेजारणीला बांधून ठेवा.

तपासा : भिंतीवर तुळई टेकलीय का? वीज मीटरपासून तोडलीय का? या दोन्हींची उत्तरं मिस्त्रीकडून घ्या, स्वतःच्या अंदाजानं नाही. आणि हातमोजे घाला. जुन्या भिंतीच्या पोकळीत विंचू असतोच असं नाही, पण मी दोनदा पाहिलाय.

## टप्पा ५ : काढणी

### सामान आणि माणसं

लाकडी मुठीची हलकी हातोडी, दोन-तीन रुंद पातळ छन्न्या, हॅकसॉची सुटी पाती, लांब सपाट पट्टी, फोम चिकटवलेलं प्लायवूड, पाण्याचा फवारा, एन-९५ मास्क, चष्मा. जुन्या रंगीत झिलईत शिसं असतं. कोरडं घासून धूळ उडवायची नाही, तिथं लहान मुलं नकोत, आणि हात धुतल्याशिवाय तंबाखूची पुडीही उघडायची नाही. मिस्त्रीला हे स्पष्ट सांगा.

मजुरी रोजावर ठरवा. नगावर ठरवली की माणूस घाई करतो, त्यात त्याचा दोष नाही. एका दिवसात दोघांनी पंचवीस-तीस टाइल्स नीट काढल्या तरी मी खूश असतो.

हंगाम हिवाळ्याचा चांगला. उन्हाळ्यात आपल्याकडच्या बेचाळीस डिग्रीत दुपारी भिंत तापलेली असते आणि तापलेल्या टाइलवर गार पाण्याचा फवारा मारला की झिलईला तडे जातात. फक्त संक्रांतीच्या आसपास काम ठरवू नका. सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत सांगितलेला मिस्त्री येईलच असं नाही.

### तडकलेल्यांना आधी बांधा

तडा गेलेली टाइल निघताना दोनाचे सात तुकडे होते. तिला आधी कापड चिकटवायचं, आणि त्यासाठी फेविकॉल नको, खळ घ्या. मागाच्या गावात खळ काय हे सांगायला नको. मैद्याची घट्ट खळ शिजवा, गार करा, जुन्या मलमलीचा टाइलएवढा तुकडा खळीत बुडवून झिलईवर बसवा, रात्रभर वाळू द्या. घरी आणल्यावर कोमट पाण्यात कापड आपोआप सुटतं. सोनेरी कामावर हे करू नका.

### माती किंवा चुन्याची बैठक

माझ्याबरोबर बरीच वर्षं काम केलेले मिस्त्री पहिल्या दिवशीच म्हणाले होते, "सर, टाइलला कशाला हात लावता? भिंत काढा की. टाइल कुठं पळून जात नाही." सगळी काढणी या तीन वाक्यांत आहे.

१. सगळ्यांत वरच्या ओळीच्या वरचा गिलावा चार-पाच इंच काढून टाका. टाइलची वरची कड आणि तिच्या मागची बैठक उघडी पडली पाहिजे.

२. मातीची बैठक असेल आणि भिंतीवर भार नसेल तर आदल्या संध्याकाळी वरून थोडं पाणी मुरवा. माती सैल होते. चुन्याला पाण्याचा फारसा उपयोग नाही, धूळ बसते एवढंच.

३. सांधे मोकळे करा. हॅकसॉच्या पात्याला एका टोकाला फडकं गुंडाळा आणि सांध्यातून हळूहळू फिरवा. ग्राइंडर इथं चालणार नाही. सांधा एक-दोन मिलिमीटरचा, चकती तेवढीच किंवा त्याहून जाड. दोन्ही टाइल्सच्या कडा गेल्याच म्हणून समजा.

४. छन्नी टाइल आणि चुना यांच्या मध्ये घालू नका. ती टाइलच्या मागे एक-दोन सेंटीमीटर सोडून, भिंतीला समांतर धरून, चुन्यातच चालवा. टाइल पाठीवरच्या चुन्यासकट निघू द्या. पाठ घरी साफ होते.

५. दुसऱ्या माणसाचा तळहात किंवा फोमचं प्लायवूड सतत टाइलच्या पुढे. टाइल सुटण्याचा क्षण कधीच आधी कळत नाही.

६. वरून खाली, एक ओळ पूर्ण झाल्यावरच दुसरी. मधली आवडती टाइल आधी काढायचा मोह सगळ्यांना होतो. मधली काढायला गेलात तर आजूबाजूच्या चार पणाला लागतात.

वर उघडी कड मिळतच नसेल, म्हणजे टाइल्स छतापर्यंत किंवा कोनाड्यात चारी बाजूंनी अडकलेल्या असतील, तर एक बळी द्यावा लागतो. सगळ्यांत फुटकी निवडा, मधोमध फोडा, तुकडे आतल्या बाजूला ओढून काढा, आणि त्या खड्ड्यातून शेजारणीच्या मागे शिरा. बळीचे तुकडेही पिशवीत घाला, नंबर लावा. रंग जुळवायला, पाठीवरची खूण वाचायला ते लागतात.

पलीकडची खोली मोकळी असेल आणि ती भिंत तशीही पाडायची असेल तर आणखी चांगलं : टाइल्सच्या पुढे फोम-प्लायवूड टेकवून धिरे द्या आणि मिस्त्रीला मागून विटा काढत यायला सांगा. मागे दोन इंच उरलं की थांबायचं. वेळ दुप्पट लागतो, मोडतोड जवळजवळ नसते.

### सिमेंटची बैठक

उचकटू नका. सिमेंट टाइलच्या मातीपेक्षा कडक असतं. जोर लावला की टाइलच मधून चिरते. पाण्याची धार सोडून, हिऱ्याच्या चकतीनं, टाइलपासून दोन इंच दूर भिंतच कापायची आणि चार-सहा टाइल्सचा तुकडा अखंड आणायचा. जड होतो, दोघांनी उचलावा लागतो. हेही जमण्यासारखं नसेल तर सोडून द्या. फोटो तुमच्याकडे आहेत.

तपासा : प्रत्येक टाइल निघाल्यावर लगेच वहीत खूण. पट्टी गळून पडली असेल तर तिथंच नवी लावा. 'संध्याकाळी लावू' म्हटलेल्या टाइलला नंबर मिळत नाही.

### नेणं

सहा इंची टाइल चुना सोडून साधारण चारशे-पाचशे ग्रॅमची असते. चुन्यासकट किलोवर जाते. डाळिंबाचे प्लॅस्टिकचे क्रेट यासाठी नामी. टाइल्स आडव्या एकावर एक नाही, ताटाळ्यातल्या ताटांसारख्या उभ्या, कडेवर. मध्ये टॉवेल. टॉवेलच्या गावात राहून वर्तमानपत्र गुंडाळणाऱ्यांची मला कीव येते. कारखान्याकडून सेकंडचे टॉवेल किलोवर मिळतात, एकदा धुऊन घ्या. एका क्रेटमध्ये पंधरापेक्षा जास्त नको. छोटा हत्ती पेठेच्या बोळात शिरत नसेल तर क्रेट हातानं चौकापर्यंत न्या, हातगाडीवर नको. शहाबादीच्या सांध्यांवरून गाडी ठकठकत गेली की तडे वाढतात.

## टप्पा ६ : पाठ आणि पुढा साफ करणं

चुन्यासकटच्या टाइल्स साध्या पाण्यात एक-दोन दिवस ठेवा (झिलई सुटू लागलेल्या, सोनेरी कामाच्या, पूर्वी चिकटवलेल्या सोडून). मग टॉवेलवर पालथी ठेवून कडेकडून आत, हॅकसॉच्या पात्यानं किंवा बांबूच्या चिपेनं चुना खरवडा. वरून ठोकायचं नाही. मधला, पाठीवरची खूण असलेला भाग शेवटी. सिमेंट असेल तर ओलं ठेवून दोन-तीन मिलिमीटरपर्यंत घासा आणि तिथंच थांबा. शेवटचा थर काढायच्या नादात टाइल जाते.

इशारा : अ‍ॅसिड नाही. संडास धुवायचं नाही, फरशीचं नाही, 'थोडंसंच' नाही. ही चूक मी केलीय. चौदा टाइल्स होत्या, हिरव्या पानांच्या. चुना फसफसून पटकन निघाला आणि मला वाटलं, जिंकलं. वाळल्यावर पानं पिस्त्यावर पीठ भुरभुरल्यासारखी पांढुरकी दिसायला लागली. शिशाची झिलई अ‍ॅसिडनं खाल्ली होती, ती पुन्हा येत नाही. शिवाय अ‍ॅसिड आणि चुना मिळून जो क्षार होतो तो पाण्यात विरघळून टाइलच्या आतच मुरतो.

पुढची बाजू कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचे दोन थेंब आणि कापूस, एवढ्यानं बहुतेक निघते. तारेची घासणी, भांड्याची पावडर, राख यांनी झिलईवर रेघा पडतात. डिस्टेंपर पाण्यानं मऊ होतो. देवघराच्या टाइल्सवर कुणीतरी ऑइलपेंट मारलेला असतोच. त्याला कापसावर थोडं अ‍ॅसिटोन, आधी कोपऱ्यात, उघड्या खिडकीशी. समईची काजळी साबणानं जाते. तड्यांत शिरलेलं कुंकू पूर्ण जात नाही, आणि मला ते जाऊही नये असं वाटतं. ब्लीच वापरू नका. डाग फिकट होतो पण क्लोराइडचा खार आत राहतो.

## टप्पा ७ : खार उतरवणं

सुरुवातीचे तीन फोटो इथले. जुन्या भिंतीला लोणा लागतो तो आपण वर्षानुवर्षं पाहिलेला आहे. तोच क्षार टाइलच्या सच्छिद्र मातीत शिरून बसलेला असतो. भिंतीत असेपर्यंत त्यानं फारसं बिघडत नाही. टाइल घरी येते, वाळते, पावसाळ्यात दमट होते, दसऱ्याला पुन्हा वाळते. प्रत्येक वेळी क्षाराचे खडे विरघळतात आणि पुन्हा बनतात. ते बनतात झिलईच्या पाठीशी, जागा लागते म्हणून झिलईला ढकलतात. एक दिवस पापुद्रा सुटतो. कपाटात वर्तमानपत्रात बांधून ठेवलेल्या टाइल्सचं हेच झालं होतं, तिन्ही ठिकाणी.

उपाय कंटाळवाणा आहे, अवघड नाही.

आधी बाजूला काढा : झिलई आधीच सुटू लागलेली, सोनेरी कामाची, पूर्वी चिकटवलेली टाइल पाण्यात बुडवायची नाही. या जाणकाराला दाखवा.

१. प्लॅस्टिकची बादली किंवा टब. तळाशी टॉवेल. टाइल्स उभ्या, एकमेकींना न टेकता.

२. टाइल पूर्ण बुडेल एवढं पाणी. किती लिटर ते लिहून ठेवा, रोज तेवढंच.

३. चोवीस तासांनी पाणी बदला. बदलण्याआधी टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेला क्षार मोजणारा) बुडवा, आकडा तारखेसह लिहा. आरओ दुरुस्त करणाऱ्याकडे असतो तोच पेनसारखा मीटर.

४. ताज्या पाण्याचा आकडा आणि चोवीस तासांनंतरचा आकडा यांतला फरक बघायचा. पांढरीच्या मातीतल्या टाइल्सचा पहिल्या दिवशीचा फरक शेकड्यांत जातो. लागोपाठ तीन दिवस फरक दहाच्या आत राहिला की मी थांबतो. कधी आठ दिवस लागतात, कधी पाच आठवडे.

आता पाण्याचा प्रश्न. नळ चार-पाच दिवसांनी येणाऱ्या गावात रोज पाणी बदला म्हणणं म्हणजे घरात भांडण लावणं आहे, मला कल्पना आहे. म्हणून दोन पायऱ्या करतो. पहिले काही दिवस नळाचं साठवलेलं पाणी, कारण तेव्हा टाइलमधला खार पाण्यातल्यापेक्षा कितीतरी जास्त असतो. ते बदललेलं पाणी अंगण धुवायला जातं, कुंडीत नाही. फरक कमी झाला की आरओचा जार, आणि शेवटच्या तीन-चार वेळा डिस्टिल्ड पाणी. बॅटरीत घालायला दुकानात जे मिळतं ते. मागताना 'बॅटरीचं पाणी' म्हणा आणि बाटली वाचून घ्या. शेजारीच बॅटरीचं अ‍ॅसिड ठेवलेलं असतं.

नेहमीच्या चुका : आरओमधून वाया जाणारं पाणी वापरणं (त्यातच सगळा खार असतो). बोअरचं पाणी वापरणं. एका बादलीत तीस टाइल्स दाटणं. पाणी स्वच्छ दिसतंय म्हणून थांबणं. खार दिसत नाही, मीटर दाखवतो. आणि बादली उन्हात ठेवणं, शेवाळ धरतं.

वाळवणं सावलीत, कडेवर उभ्या करून, चहूबाजूंनी वारा लागेल अशा. गच्चीवर नाही. हिवाळ्यात दोन-तीन आठवडे धरा. स्वयंपाकघरातल्या काट्यावर एक टाइल रोज वजन करा. सलग चार दिवस आकडा हलला नाही म्हणजे वाळली.

## टप्पा ८ : नंबर, जोड, ठेवण

चिकटपट्टी आता निघाली असेल, म्हणून कायमचा नंबर. पाठीवर थेट मार्कर चालवू नका, कोरडी माती शाई पिऊन टाकते. पॅरालॉइड बी-७२ नावाचं राळेसारखं द्रव्य अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवून बोटाएवढी पट्टी लावा, वाळल्यावर तिच्यावर काळ्या शाईनं नंबर, वर पुन्हा एक हात. हवं तेव्हा अ‍ॅसिटोननं पुसता येतं. तुकडे जोडायलाही हेच, फक्त दाट. एपॉक्सी आणि झटपट चिकटणारा गोंद टाळा. पिवळे पडतात आणि पुढच्या माणसाला सोडवता येत नाहीत. खार उतरल्याशिवाय जोडू नका. जोडलेली टाइल पुन्हा बादलीत जात नाही.

ठेवताना उभ्याच. लोखंडी कपाटाच्या माथ्यावर नाही, माळ्यावर नाही, बाहेरच्या भिंतीला टेकून तर नाहीच. सुती कापड किंवा धुतलेला टॉवेल मध्ये, प्लॅस्टिकची पिशवी नको.

लावायच्या असतील तर लाकडी चौकटीत कडांना धरणाऱ्या पट्ट्यांवर बसवा. नव्या घराच्या भिंतीत सिमेंटनं पुन्हा ठोकून बसवायच्या असतील, तर मग या सगळ्या बादल्या कशाला भरल्या? चहाची कपबशी ठेवायला टाइल वापरणंही नको, शिशाची झिलई आहे.

ठेवल्यावर वर्षभर तीन वेळा बाहेर काढून पाहा : पहिल्या पावसानंतर, दसऱ्याच्या सुमारास आणि होळीला. दिव्याचा झोत बाजूनं टाका. कडेला पांढरी लव दिसली तर कोरड्या मऊ ब्रशनं झाडून डबीत घ्या आणि पाण्यात टाकून पाहा. विरघळली तर खार आहे, टाइल परत बादलीत, वहीत नवी तारीख. विरघळली नाही तर चुन्याची भुकटी, ती नुसती पुसून काढा.